कूलंट कुठेच गळत नाही, तरी वरची टाकी रिकामी होते : घरी बांधलेल्या विमानाचं कूलिंग

वारुंजीकर

नमस्कार मंडळी. कराडच्या धावपट्टीवर माझं स्वतः बांधलेलं दोन आसनांचं विमान उभं असतं, हे इथल्या जुन्या सभासदांना माहीत आहेच. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. ट्यूबचा सांगाडा, वर कापड, पुढे रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन, १०० अश्वशक्ती. या इंजिनात सिलिंडरची हेडं पाण्याने थंड होतात, सिलिंडर हवेवर थंड होतात आणि ऑइलला वेगळा कूलर असतो. माझा रेडिएटर इंजिनाच्या खाली आहे, ऑइल कूलर त्याच्या शेजारी. दोघांना एकाच तोंडातून हवा मिळते. पाण्याला किंवा ऑइलला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे आपोआप उघडणारी-मिटणारी झडप, बसवलेला नाही.

अडचण अशी आहे. गेल्या एप्रिलमध्ये सकाळी उड्डाण करून आगाशिवच्या डोंगराकडे विमान चढवत न्यायचो तेव्हा कूलंटचा, म्हणजे हेडं थंड करणाऱ्या पाण्याचा, काटा १०० अंशांवर थांबायचा. आता फेब्रुवारी आहे, हवा गार आहे, तरी त्याच चढाईला काटा ११२ दाखवतो. माझ्या इंजिनाला १२० ची मर्यादा आहे. ऑइल मात्र तेव्हाही १०६ होतं, आजही १०६ आहे. म्हणून मी हवेच्या वाटेचा विचार सोडून दिला. हवा कमी पडत असती तर ऑइलही तापलं असतं ना.

दुसरी गोष्ट. इंजिनावरच्या एक्सपान्शन टाकीत, जिला मी वरची टाकी म्हणतो, दर आठवड्याला दोन बोटं कूलंट कमी दिसतं. मी भरतो, पुन्हा कमी. काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढून दोन वेळा टॉर्च घेऊन फिरलो. होजच्या तोंडाशी ओल नाही, रेडिएटरला पाझर नाही, खाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा ठणठणीत. ऑइलमध्ये पाणी नाही, टाकीत तेलाची साय नाही. वॉटर पंपाच्या खालचं गळतीचं भोक कोरडं आहे.

जमिनीवर इंजिन तापलं तर आपण बाजूला उभे राहू शकतो. वर प्रीतिसंगमाच्या डोक्यावर हजार फुटांवर तसं नसतं. उड्डाण बंद ठेवलं आहे. कुठे बघायचं राहिलं ते सांगा.

गॅरेजवाला_तासगाव

दादा, विमानातलं मला कळत नाही, पण पंचवीस वर्षं ट्रॅक्टर आणि ब्लोअरचे रेडिएटर हातात आहेत. द्राक्षबागेच्या फवारणीच्या मशिनला हाच आजार घेऊन लोक येतात. एकच विचारतो. बाजूची ओव्हरफ्लो बाटली बघितली का? तिच्यात पाणी किती आहे? गार असताना किती, गरम असताना किती?

वारुंजीकर

बाटली भरलेलीच आहे. वरच्या खुणेच्याही वर. म्हणून तिच्याकडे लक्षच दिलं नाही, भरलेली म्हणजे ठीक असंच धरलं होतं.

गॅरेजवाला_तासगाव

मग तुमचं पाणी कुठे गेलं ते सापडलं. ते बाटलीत गेलं आणि परत आलं नाही.

ट्रॅक्टरचं सांगतो, तुमच्यात पण तेच असणार. पाणी तापलं की फुगतं. कॅपमधली स्प्रिंग एका दाबाला उचलते आणि जास्तीचं पाणी नळीतून बाटलीत जातं. इंजिन गार झालं की आत ओढ तयार होते. कॅपच्या मधली छोटी चकती उघडते आणि बाटलीतलं पाणी त्याच नळीतून वर ओढलं जातं. जायला आणि यायला वाट एकच. जाताना दाबाने ढकललं जातं, बारीक चीर असली तरी पाणी जातंच. येताना ओढावं लागतं. तिथे नळीला केसाएवढी चीर असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. पाणी बाटलीत बसून राहतं आणि वरच्या टाकीत हवा शिरते. दर खेपेला थोडं थोडं. लिकेज कुठेच दिसत नाही, कारण तुमचं पाणी बाहेर पडलेलंच नाही.

नळी पाण्याच्या पातळीच्या वर कुठे फाटली असेल तर थेंबसुद्धा दिसणार नाही. दोन्ही टोकं आणि जिथे जिथे पट्टी आवळली आहे तिथे वाकवून बघा. पट्टीच्या खाली बघा.

मिरजेची_एएमई

गॅरेजवाले दादांनी नाडी बरोबर पकडली आहे. मी एएमई, म्हणजे विमान देखभालीची इंजिनिअर, हे माझं रोजचं काम आहे, म्हणून दोन गोष्टी जोडते.

पहिली गोष्ट ऑइलची. वारुंजीकर दादा, ऑइल तेवढंच आहे हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. गेल्या एप्रिलमध्ये सकाळी बाहेर किती तापमान होतं? लॉगबुकात लिहिलं असेल तर सांगा. आणि आता किती आहे?

वारुंजीकर

लिहिलं आहे ताई. एप्रिलमध्ये त्या दिवशी ३४ होतं, जरा उशिरा उडालो होतो. या वेळी २२.

मिरजेची_एएमई

आता वजाबाकी करा. काट्यावरच्या आकड्यातून बाहेरचं तापमान काढा. थर्मोस्टॅट नसलेल्या इंजिनात बाहेर एक अंश वाढला की कूलंट आणि ऑइल साधारण एकेक अंश वाढतात, म्हणून खरं मोजमाप हा फरक आहे.

एप्रिलमध्ये कूलंट १००, वजा ३४, म्हणजे ६६. आज ११२, वजा २२, म्हणजे ९०. तब्बल २४ अंशांनी बिघडलंय. ऑइल एप्रिलमध्ये १०६ वजा ३४, म्हणजे ७२. आज १०६ वजा २२, म्हणजे ८४. ऑइलसुद्धा १२ अंशांनी बिघडलं आहे, फक्त थंडीने ते झाकून ठेवलं.

आता मे महिन्याचा हिशोब करा. कराडला दुपारी ४० सहज होतं. ४० अधिक ९० म्हणजे १३०. तुमची मर्यादा १२०. आज काटा हिरव्यात आहे म्हणून तुम्ही उडत राहिला असतात, तर मे महिन्यात एखाद्या चढाईत तो लाल रेषा ओलांडून गेला असता. त्यात कराडची उंची समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांच्या आसपास. ४० अंशांला हवा इतकी विरळ होते की विमानाला ती पाच हजार फुटांवरची वाटते. विमान हळू चढतं, चढाई लांबते, रेडिएटरमधून जाणारी हवाही विरळ. सगळं एकाच दिवशी अंगावर येतं.

म्हणजे तुमच्याकडे दोन दुखणी असावीत. एक पाण्याच्या बाजूचं, जे दादांनी सांगितलं. दुसरं हवेच्या बाजूचं, जे पाणी आणि ऑइल दोन्हीला भोवतंय. ऊसतोड सुरू आहे ना तुमच्याकडे?

वारुंजीकर

ताई, तुमची ती वजाबाकी वाचून रात्री मला झोप लागली नाही. लॉगबुकात इतकी वर्षं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो आहे, पण एकातून दुसरा वजा करून कधी पाहिला नाही.

ऊसतोड जोरात आहे. धावपट्टीच्या चारही बाजूंनी पाचट जाळतात. संध्याकाळी हँगरसमोर काळी फुलपाखरं पडल्यासारखी राख पडते. उद्या सकाळी काऊलिंग उघडतो.

सांगली_मेक

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं होतं, तेव्हा मी शाळेत होतो. त्या बातमीपासून हे वेड आहे. एक शंका आहे. टाकीत थोडी हवा गेली तर एवढा फरक का पडतो? पंप तर फिरतोच आहे.

वाडीचा_फौंड्रीवाला

पोरा, प्रश्न चांगला विचारलास. माझी उभी हयात किर्लोस्करवाडीत पंपांच्या संगतीत गेली, म्हणून मी सांगतो.

सेंट्रिफ्युगल पंप पाणी फेकतो, हवा फेकता येत नाही त्याला. विहिरीवरचा पंप हवा धरतो तेव्हा काय होतं ते गावाकडे प्रत्येकाने बघितलंय. मोटार जोरात फिरते, आवाज बदलतो, पाइपातून पाणी तुटक येतं. रोटॅक्समध्येही तसंच. पंप रेडिएटरमधून गार पाणी ओढून हेडांच्या खालच्या बाजूने आत ढकलतो. ते हेडांच्या वरून बाहेर पडून वरच्या टाकीत येतं आणि तिथून रेडिएटरला परत जातं. टाकी सगळ्यात उंच ठेवलेली असते, कारण बुडबुडे तिथे येऊन बसावेत. टाकीची पातळी खाली गेली की परतीच्या पाण्याबरोबर हवा गुरफटून खाली जाऊ लागते. मग पाण्याऐवजी फेस फिरतो. धातूची उष्णता उचलण्यात फेस पाण्याच्या पासंगालाही पुरत नाही. हेडाच्या एखाद्या कोपऱ्यात बुडबुडा अडकून बसला तर तेवढी जागा कोरडी पडते आणि तिथलं अॅल्युमिनिअम भाजून निघतं. काटा दुसरीकडचं तापमान दाखवत असतो, त्याला त्या कोपऱ्याचा पत्ताही नसतो.

पाण्याबद्दलही एक बोलतो. वारुंजीकर, वरून भरताना कुठलं पाणी घातलंत? आपल्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे क्षारांचं घर. मिरज, शिरोळकडे तर जमिनीच मीठ फुटून पांढऱ्या पडल्यात. चहाच्या पातेल्यात जे पांढरं बसतं तेच हेडाच्या आत बसेल आणि ते खरवडायला हात पोचणार नाही.

वारुंजीकर

काका, कूलंट पन्नास टक्के ग्लायकॉल आणि पन्नास टक्के डिस्टिल्ड वॉटर असं मोजून कालवून ठेवलेलं आहे, भरतानाही तेच घालतो. बोअरचं पाणी एकदाही घातलेलं नाही.

वाडीचा_फौंड्रीवाला

झकास. दर दोन वर्षांनी ते सगळं काढून नवं भरत जा. रंग छान दिसला तरी आतली गंज रोखणारी द्रव्यं संपलेली असतात. आणि काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं, हँगरवरचं कुत्रं चाटून मरतं. आमच्याकडे एक गेलंय तसं.

वारुंजीकर

सापडलं मंडळी. दोन्ही सापडलं. सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणालातरी कामाला येईल.

सकाळी सातला हँगर उघडलं. इंजिन रात्रभर गार होतं, इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, किल्ली खिशात. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण मी किल्लीचंही सांगतो. प्रॉपेलरजवळ हात घालायचा तर किल्ली स्वतःच्या खिशात हवी.

आधी कॅप काढली. टाकीत पातळी तळाच्या जवळ. बाटली वरपर्यंत. तासगावच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ओव्हरफ्लोची नळी हातात घेऊन एका टोकापासून बोटांनी दाबत, वाकवत गेलो. साधी पारदर्शक नळी, पाच वर्षं जुनी. इंजिन माउंटच्या ट्यूबला ती प्लॅस्टिकच्या पट्टीने मीच बांधलेली होती. पट्टी कापली आणि नळी वाकवली तर पट्टीच्या खाली नखाएवढी चीर उघडली. पट्टी असताना ती मिटलेली होती, टॉर्च मारूनही दिसली नव्हती. नळी तिथे पिवळी आणि कडक झालेली. बोटाने एक टोक बंद करून दुसरीकडून तोंडाने ओढून बघितलं, हवा सुसू करत आत आली. ढकलून फुंकर मारली तेव्हा मात्र जवळजवळ धरत होती. दादांनी सांगितलेलं अगदी तसंच.

कॅपही तपासली. गावातल्या एका गाडीच्या गॅरेजवरून हाताने मारायचा प्रेशर टेस्टर आणला. माझी कॅप १.२ बारची आहे, तिथपर्यंत तिने धरलं आणि वर गेल्यावर सोडलं, म्हणजे ठीक. मधली छोटी चकती नखाने उचलून बघितली, उचलली आणि परत बसली. रबरी वायसरवर कडेने एक खड्डा आहे, म्हणून नवी कॅप मागवली. मग तोच टेस्टर टाकीवर लावून सगळी सिस्टिम १.२ ला धरून दहा मिनिटं ठेवली. काटा हलला नाही. म्हणजे बाकी कुठे गळती नाही.

मग खालून रेडिएटर. समोरून तो स्वच्छ दिसतो. मी दर वेळी समोरूनच बघत होतो आणि समाधान मानत होतो. या वेळी तो रबरी माउंटवरून सोडवून खाली उतरवला आणि मागून उजेड टाकला. एक तृतीयांश फिनांमधून, म्हणजे रेडिएटरच्या बारीक पात्यांमधून, उजेड येत नव्हता. पाचटाच्या राखेचे बारीक पापुद्रे फिनांच्या आत, समोरच्या पृष्ठभागापासून बोटभर खोल जाऊन बसले होते. त्यावर ऑइलची पुसट वाफ, त्यावर धूळ. चिमट्याने एक पापुद्रा काढला तर उसाच्या पानाच्या शिरा त्याच्यावर अजून दिसत होत्या. ऑइल कूलरचंही तेच, पण थोडं कमी.

आणखी एक. रेडिएटर आणि हवेच्या पेटीच्या मधे जी फोमची पट्टी मी चिकटवली होती, ती वरच्या बाजूने सुटून वाकली होती. त्या फटीतून हवा फिनांना वळसा घालून सरळ बाहेर पडत होती. हवेला सोपी वाट मिळाली की ती फिनांत शिरत नाही.

गॅरेजवाला_तासगाव

दादा, साफ करताना प्रेशर वॉशर लावू नका. फिना वाकतात आणि मग काही केल्या सरळ होत नाहीत. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. आणि हवा मारायची ती मागून पुढे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर गेला पाहिजे. पुढून मारली तर अजून आत ठासला जाईल. कंप्रेसरची नळी हातभर लांब धरा.

एक आमच्याकडचं सांगतो. द्राक्षाच्या फवारणीत मोरचूद असतं. तांब्याचं ते पाणी अॅल्युमिनिअमवर बसलं की बारीक बारीक खड्डे पाडतं. बागांजवळून खाली उडत असाल तर त्या दिवसांत रेडिएटर साध्या पाण्याने धुऊन घ्यायचा.

मिरजेची_एएमई

उत्तम काम केलंत दादा. मागून उजेड टाकून बघण्याची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. समोरून दिसणारा रेडिएटर काहीच सांगत नाही.

होजबद्दल विचारायचं राहिलं. नळी पाच वर्षांची म्हणालात, म्हणजे बाकीचे रबरही पाच वर्षांचे असणार. रोटॅक्सच्या देखभालीत कूलंटचे होज, इंधनाच्या नळ्या, कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट हे सगळं पाच वर्षांनी बदलायचं असतं. तुम्ही किती तास उडलात याच्याशी त्याचा संबंध नाही. विमान हँगरमध्ये नुसतं उभं राहिलं तरी रबर म्हातारं होतं.

बदलण्याआधी हातात धरून बघा आणि शिकून घ्या. चांगला होज दाबला की बोटाला परत ढकलतो. पिकलेल्या चिक्कूसारखा मऊ लागला तर आतून कुजलाय. दाबताना करकर आवाज आला तर आतला थर सुटलाय. एक्झॉस्टजवळून जाणारा होज एका बाजूने चकचकीत आणि कडक झालेला सापडतो. तिथे फायरस्लीव्ह, म्हणजे उष्णता सोसणारी बाही, घाला आणि मधे पातळ पत्र्याची आड लावा. क्लॅम्प आवळताना स्क्रूड्रायव्हरवर सगळी ताकद लावू नका. आवळून आवळून पट्टी रबरात रुतते आणि तिथूनच चीर जाते. तुमच्या नळीचं प्लॅस्टिकच्या पट्टीने केलं तेच.

वारुंजीकर

ताई, होज सगळेच बदलतोय. खालचा डाव्या बाजूचा, एक्झॉस्टशेजारचा, हातात घेतला तर तुम्ही लिहिलंय तसाच एका अंगाने काचेसारखा झालेला. नव्या क्लॅम्पच्या स्क्रूवर आणि होजवर मिळून लाल रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की क्लॅम्प सरकलाय हे लांबूनच कळेल.

वाईचा_विमानवेडा

माझं इंजिन पूर्ण हवेवर चालणारं आहे, चार सिलिंडर, म्हणून माझ्याकडे पाण्याची कटकट नाही, पण हवेची दुप्पट आहे. या धाग्यात आमच्यासारख्यांची बाजूही नोंदवून ठेवतो.

आमच्यात सगळा खेळ काऊलिंगच्या आतल्या दाबाचा. पुढच्या दोन तोंडांतून हवा आत येते आणि इंजिनाच्या वर दाब तयार होतो. तिथून खाली जायला फक्त सिलिंडरच्या फिनांमधून वाट ठेवलेली असते, खालून ती बाहेर. बाकी सगळ्या फटी बॅफलच्या, म्हणजे हवा अडवून वळवणाऱ्या, पत्र्यांनी आणि कडेच्या सिलिकॉन रबराच्या पट्ट्यांनी बंद करायच्या. एक फट राहिली तर हवा तिथून सटकते आणि सगळ्यात मागचा सिलिंडर पोळतो.

फटी शोधायची माझी रीत अशी आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर काऊलिंगच्या आत, बॅफलच्या वरच्या बाजूला जोरदार एलईडी दिवा ठेवतो आणि काऊलिंग लावून घेतो. मग खाली झोपून हवा बाहेर जाते त्या तोंडातून आत बघतो. फिनांमधून उजेड दिसायलाच हवा. पण पट्टीच्या कडेने, पत्र्याच्या कोपऱ्यातून, वायरींच्या भोकातून उजेडाची रेघ दिसली की तिथून हवा पळते. पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा रेघा मोजल्या. बारीक भोकं उष्णता सोसणाऱ्या लाल सिलिकॉनने बुजवली.

पट्ट्यांच्या बाबतीत बारकावा आहे. रबराची कड दाबाच्या बाजूला, म्हणजे पुढे आणि आतल्या अंगाला वळलेली पाहिजे. मग हवेचा दाबच तिला काऊलिंगवर चिकटवतो. काऊलिंग बसवताना एखादी पट्टी उलटी मुडपली तर तोच दाब तिला उघडतो. माझी एकदा तशी मुडपली होती. चौथ्या सिलिंडरचं तापमान बाकीच्यांपेक्षा जवळजवळ ४० अंशांनी वर गेलं होतं. मी चक्क सेन्सर बदलला आणि दोष तसाच राहिला. तीन उड्डाणं वाया गेली. आता काऊलिंग लावताना एका हाताने आतून पट्टी धरून सरळ करत जातो आणि बायको बाहेरून स्क्रू लावते.

बॅफलच्या पत्र्याला चीर गेली तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवा आणि वरून पट्टी रिव्हेट करा. चीर तशीच ठेवली तर पत्र्याचा तुकडा सुटतो, आणि सुटलेला तुकडा कुठे जाऊन आपटेल सांगता येत नाही.

आणि कुंभारमाशी. पावसाळ्यानंतर ती फिनांमध्ये, इंजिनाच्या ब्रीदर नळीत, बाटलीच्या झाकणातल्या भोकात, मिळेल तिथे मातीचं घर करते. वारुंजीकर, तुमच्या ओव्हरफ्लो बाटलीच्या झाकणाचं भोक उघडं आहे ना, ते बघा. ते बंद झालं तर बाटलीतलं पाणी वर जाणार नाही आणि तुम्ही पुन्हा नळीच शोधत बसाल.

वारुंजीकर

बघितलं. भोक उघडं आहे, पण झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या मातीचा गोल डाग आहे. म्हणजे कधीतरी तिने तिथे घर केलं होतं. आता उड्डाणाआधीच्या तपासणीत बाटलीचं झाकण धरलं आहे.

सांगली_मेक

समजा एखादा होज वर असतानाच फुटला आणि सगळं कूलंट गेलं, तर काटा लगेच लाल रेषेवर जाईल ना? तेवढी सूचना तर मिळेल?

मिरजेची_एएमई

नाही रे. यात लोक फसतात, म्हणून नीट वाच. ज्या इंजिनांत सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, त्यात कूलंट गेलं की सेन्सर हवेत किंवा वाफेत लटकतो. मग काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. वैमानिकाला वाटतं, बरं झालं, गार झालं. त्याच वेळी हेड भाजत असतात. जुन्या रोटॅक्समध्ये सेन्सर हेडाच्या धातूतच असायचा, तो वेगळं सांगतो. आपल्या विमानात कुठला आहे हे प्रत्येक बांधणाऱ्याला पाठ पाहिजे.

चढाई सुरू असताना, थ्रॉटलला हात लावलेला नसताना काटा एकदम खाली आला, तर ती वाईट बातमी समजायची. ऑइलचं तापमान बघायचं. ते वर चाललं असेल तर शक्ती कमी करून उतरायची जागा शोधायची. वारुंजीकर दादांच्या विमानात ऑइल हाच दुसरा साक्षीदार आहे.

वाडीचा_फौंड्रीवाला

ताईंचं म्हणणं कागदावर लिहून पॅनलला चिकटवा. पंपांच्या कारखान्यातही गेज कोरडं पडलं की शून्य दाखवायचं आणि नवा पोरगा म्हणायचा, दाब नाही म्हणजे बंद आहे.

वारुंजीकर

काम पूर्ण झालं, आता आकडे देतो. मुद्दाम एकेक दुरुस्ती करून वेगवेगळं उडालो, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल.

आधी फक्त ओव्हरफ्लोची नळी बदलली. होजही नवे घातले. कूलंट भरून जमिनीवर इंजिन चालवलं, पूर्ण गार होऊ दिलं, पुन्हा पातळी बघितली. बाटलीतलं पाणी दोन बोटं खाली आलं होतं. म्हणजे टाकीने ते परत ओढून घेतलं. इतके दिवस जे होत नव्हतं ते समोर घडताना पाहिलं, फार बरं वाटलं. रेडिएटर मुद्दाम तसाच मळका परत चढवला होता. बाहेर २८ असताना धावपट्टीवरच घिरट्या घेत चढलो. कूलंट १०६. फरक ७८. आधी ९० होता.

मग रेडिएटर आणि ऑइल कूलर साबणाच्या पाण्याने धुतले, मागून हवा मारली. तीन वेळा धुवावं लागलं. तिसऱ्यांदाही पाणी काळंच निघालं, पण उजेड सगळ्या फिनांतून आला. फोमची सुटलेली पट्टी काढून टाकली आणि तिथे सिलिकॉन रबराची पट्टी पत्र्याची क्लिप लावून रिव्हेट केली, नुसती चिकटवली नाही. बाहेर ३० असताना पुन्हा तीच चढाई. कूलंट ९७, ऑइल १०२. म्हणजे कूलंटचा फरक ६७ आणि ऑइलचा ७२. गेल्या एप्रिलला ६६ आणि ७२ होता. विमान परत पूर्वीच्या तब्येतीवर आलं.

मे महिन्याच्या ४० अंशांत हे कूलंटला १०७ च्या आसपास नेईल. तरी दुपारी उडायचं नाही, हे माझं जुनंच आहे.

लॉगबुकात आता दोन नवे रकाने आखले. एका रकान्यात कूलंटचा फरक, दुसऱ्यात ऑइलचा. सलग तीन उड्डाणांत फरक पाच अंशांनी वाढलेला दिसला तर काऊलिंग उघडायचं, काटा हिरव्यात असो वा नसो. आणि रोज इंजिन गार असताना टाकी आणि बाटली दोन्ही बघायच्या. एकटी बाटली बघून विश्वास ठेवायचा नाही.

मिरजेची_एएमई

एक जोडा. ऊसतोड संपेपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, रेडिएटरच्या मागून उजेड टाकून दर दहा तासांनी बघा. पावसाळा संपला की कुंभारमाशीसाठी एकदा. बाकी वर्षभर १०० तासांच्या तपासणीत पुरे. आणि जुनी चिरलेली नळी टाकून देऊ नका, मला हवी आहे. आमच्याकडे नवीन मुलं येतात, त्यांच्या हातात देणार आहे. ओढून बघा म्हणणार आहे.

वारुंजीकर

नळी जपून ठेवली आहे ताई. रविवारी मिरजेला येणं आहे, घेऊन येतो.

गॅरेजवाला_तासगाव

दादा, येताना तासगाववरून या. आमच्या पोरांना पण ती नळी दाखवायची आहे.